पोटाखाली सरकणारा रॅम्प

मामांनी मॉडेल दोन्ही हातांत धरलं, शेपटीकडून वळवून पाहिलं आणि हळूच टेबलावर ठेवलं. "रंग झकास उतरलाय," म्हणाले. मग थोडं थांबून, "पण पोरी, हा रॅम्प आमचा नव्हे. ही तर ट्रकची फळी झाली."

भाऊबीजेला आले होते. आईचं ओवाळून झालं होतं, फराळाच्या ताटल्या अजून उचलायच्या होत्या आणि मी घाईघाईने आतल्या खोलीतून मॉडेल आणून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. हवाई दलाचं मालवाहू विमान एएन-३२, माप १/७२. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा २९.२ मीटर, म्हणजे माझ्या टेबलावर साधारण ४० सेंटिमीटर. आठ महिने मी त्यावर बसले होते. शेपटीखालचा सामान चढवायचा रॅम्प मी उघडा दाखवला होता, मागची कड जमिनीला टेकवून. बहुतेक मालवाहू विमानांच्या फोटोंत तो तसाच दिसतो.

मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते. नव्वदच्या दशकातली चार वर्षं त्यांनी आसामात जोरहाटला याच विमानांच्या पोटाखाली काढली. "असाही उघडतो," ते म्हणाले, "जीप चढवायची असली की जमिनीला टेकवायचा. पण आमचं रोजचं काम वेगळं." त्यांनी माझी कंपासपेटी ओढली, तिच्या मागच्या कडेला सहा इंची पट्टी तिरकी लावली. "हा बंद रॅम्प. आता बघ." पट्टीची मागची बाजू खाली आली, पुढची बाजू पेटीखाली शिरली, आणि बघता बघता अख्खी पट्टी पेटीच्या तळाला समांतर जाऊन बसली. "मागं सगळं मोकळं. ट्रक उलटा घ्यायचा, थेट फ्लोअरला भिडवायचा. पोतं या फ्लोअरवरनं त्या फ्लोअरवर. वरून माल सोडायचा तरी असंच, मागं काही लोंबत नको."

मी या विमानाबद्दल बरंच वाचलं होतं. आधी प्रवासी एएन-२४, त्यातून १९६९ साली उडालेलं मालवाहू एएन-२६, आणि त्याच धडात दांडगी इंजिनं बसवून केलेलं एएन-३२, ज्याचं पहिलं उड्डाण ९ जुलै १९७६ चं. उष्ण हवेत आणि उंचावरच्या धावपट्टीवर दम टिकावा म्हणून इंजिनं दांडगी, आणि त्यांच्या मोठ्या पंख्यांना जागा मिळावी म्हणून ती पंखांच्या वर चढवलेली. आपल्या हवाई दलात ते १९८४ पासून आलं आणि पुढे शंभराहून अधिक विमानं घेतली गेली. रॅम्प पुढे सरकतो हेही कुठेतरी वाचलं होतं. पण वाचणं आणि मामांच्या हाताखाली ती पट्टी सरकताना बघणं यात फार अंतर आहे. पट्टी नुसती आत गेली नव्हती, मधेच एकदा खाली झुकून मग वर आली होती. मामांच्या मनगटाला ते वळण तीस वर्षांनीही पाठ होतं.

त्याच रात्री ठरवलं की रॅम्प चिकटवायचा नाही. तो सरकला पाहिजे, तोही मोटरवर, हळू आणि न अडखळता.

हे विमान कुठे जातं ते सांगितलं म्हणजे माझा हट्ट समजेल. अरुणाचलात मेचुका, तुतिंग, विजयनगर अशा ठिकाणी कित्येक वर्षं तांदूळ, मीठ, रॉकेल, औषधं याच विमानांनी पोहोचवली आणि परतताना आजारी माणसं आणली. ३१ मे २००८ ला लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या कच्च्या पट्टीवर, १६,००० फुटांहून अधिक उंचीवर, उतरलं ते एएन-३२ च. आणि ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ डोंगरात कोसळलं, आतले तेराही जण गेले. त्या आठवड्यात मामा आमच्याकडेच होते. टीव्ही लावू देत नव्हते. त्या विमानांचा रॅम्प मी ट्रकच्या फळीसारखा चिकटवून ठेवणं मला सहन होईना.

मी भोसरीला एका कारखान्यात मोजमाप विभागात काम करते. दिवसभर वर्निअर, मायक्रोमीटर आणि डायल गेज हातात. म्हणून आधी मापं. विमानाच्या पोटातला फ्लोअर २.४ मीटर रुंद आहे, १/७२ ला तो ३३ मिलिमीटर होतो. रॅम्पची लांबी तीन मीटरच्या थोडी वर, माझ्याकडे ४५ मिलिमीटर. म्हणजे काडेपेटीहून किंचित लहान तुकडा. त्याला दोन्ही कडांनी धरायचं, पुढे ओढायचं, मधेच झुकवायचं, आणि हे सगळं बाहेरून दिसू द्यायचं नाही.

मोटर कोणती याचा फार विचार केला नाही. बुधवार पेठेत गेलं की एन२० नावाची इवलीशी गिअर मोटर सहज मिळते, रोबोट करणारी पोरं तीच वापरतात. जाडी १० मिलिमीटर, रुंदी १२. फ्लोअरखाली, विमानाच्या गोल पोटात, माझ्या मॉडेलमध्ये खोली भरत होती मध्यावर साडेनऊ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरने मोटर बाहेर! आणि पोट गोल असल्यामुळे बाजूला खोली आणखी कमी. मी त्या अर्ध्या मिलिमीटरसाठी दोन रविवार कानस घेऊन बसले, प्लास्टिक इतकं पातळ केलं की बोट लावलं की दबायला लागलं. मग सोडून दिलं.

त्याआधीचा एक प्रयत्न सांगायला हवा. मी आधी छोटा सर्व्हो, म्हणजे ठरलेल्या कोनात हात फिरवणारी मोटर, लावला होता, फ्लोअरच्या वर, बाकांमागे लपवून. सर्व्होचा हात वर्तुळात फिरतो, त्यामुळे रॅम्प सुरुवातीला रेंगाळायचा, मधे झपकन जायचा आणि शेवटी परत रेंगाळायचा. शिवाय थांबल्यावरही तो गुणगुणत राहायचा. खरा रॅम्प हायड्रॉलिकवर चालतो, त्याची चाल एकसारखी आणि वजनदार असते. सर्व्होची चाल खेळण्याची होती. काढून टाकला.

मग मासेमारीचा नायलॉन दोरा आणला. रॅम्पच्या पुढच्या कडेला बांधला, फ्लोअरखालून पुढे नेऊन मोटरच्या रिळाला गुंडाळला. परतीसाठी दुसरा दोरा. पहिल्यांदा चालवलं तेव्हा रॅम्प सहा-सात मिलिमीटर गेला आणि तिरका होऊन अडकला. सोडवला, पुन्हा चालवला, पुन्हा तिरका. डावी बाजू पुढे, उजवी मागे. दोरा मधोमध बांधलाय की नाही ते मी भिंगाखाली तपासलं. मधोमधच होता. मग दोन्ही टोकांना दोन दोरे बांधले, तर एक दोरा केसभर जास्त ताणायचा आणि रॅम्प दुसऱ्या बाजूला तिरका. नायलॉन ताणतो, वर उन्हाळा होता. पंधरा दिवस मी गाठी बांधत आणि सोडत होते.

उत्तर घरातच होतं. आईच्या लग्नातलं सागवानी कपाट आहे, त्याचा खालचा खण रुंद आणि उथळ. एका मुठीने ओढला की हमखास अडकतो. वरचा खण अरुंद आणि खोल, तो एका बोटानेही येतो. लहानपणापासून मी हे दोन खण उघडत आले आहे. सरकणारी वस्तू रुंद असेल आणि तिला धरणारा भाग लांबीला तोकडा असेल, तर जरासा तिरका जोर पडला की ती रुळात पाचर मारल्यासारखी बसते. धरणारा भाग लांब असला तर तिरकं व्हायला जागाच राहत नाही. माझ्या रॅम्पची रुंदी ३३ मिलिमीटर, आणि रुळात अडकलेली खिळी दोन मिलिमीटरची. तो सरळ जाईल ही अपेक्षाच चुकीची होती. मोटर किंवा दोरा बदलून काहीही झालं नसतं.

मग मी रॅम्पला सरळ ठेवायचं काम रॅम्पकडून काढूनच घेतलं. फ्लोअरखाली एक छोटी गाडी केली. रविवार पेठेत बोहरी आळीत एका दुकानात दोन मिलिमीटर जाडीची पितळी कांडी आणि तिच्यावर बेताने बसणारी पितळी नळी मिळाली. दुकानदाराला मी सात नळ्यांमध्ये कांडी घालून बघायला लावली, त्याने कंटाळा केला नाही. दोन कांड्या समांतर, एकमेकींपासून २० मिलिमीटरवर, हे रूळ. त्यांच्यावर २६ मिलिमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्या दोन नळ्यांना जोडणारी पितळी पट्टी. आता धरणारा भाग लांब आणि रुंदी कमी. डाख देताना नळ्या कांड्यांवरच ठेवल्या, म्हणजे समांतरपणा आपोआप येतो; फक्त कांड्यांना आधी मेणबत्तीचं मेण आणि काजळी चोळली, नाहीतर डाख आत उतरून सगळं एकजीव झालं असतं. गार झाल्यावर गाडी उभी धरली तर स्वतःच्या वजनाने खाली घसरली. मी ते वीसेक वेळा केलं. तो आवाज, पितळावरून पितळ सरकल्याचा, अजून कानात आहे.

गाडी विमानाच्या आत आणि रॅम्प बाहेर. दोघांना जोडायला पोटाच्या दोन्ही बाजूंना एक मिलिमीटर रुंदीची लांब खाच पाडावी लागली. सुदैवाने खऱ्या विमानालाही तिथेच, खालच्या बाजूंना, रॅम्पच्या रुळाची उंच पट्टी आहे. माझी खाच त्या पट्टीच्या सावलीत गेली. ज्या जागी मूळ अभियंत्यांनी रूळ ठेवले तिथेच मला खाच लपवायला जागा मिळाली, याचा मला फार आनंद झाला.

आता राहिलं ते मामांच्या मनगटातलं वळण. रॅम्पची पुढची कड गाडीला बिजागरीने जोडली. मागच्या बाजूला दोन्हीकडे एकेक झुलता दांडा: वरचं टोक विमानाच्या अंगाला, खालचं रॅम्पच्या कडेला. गाडी पुढे गेली की दांडा मागून खाली झुलतो, उभा होतो आणि पुढे वर येतो. त्याच्याबरोबर रॅम्पही खाली झुकून मग पोटाला समांतर येतो. ऐकायला सोपं आहे. पण दांड्याचं वरचं टोक कुठे खिळायचं? एक मिलिमीटर इकडे झालं तर बंद असताना फट राहते, तिकडे झालं तर मधल्या टप्प्यात रॅम्पची मागची कड जमिनीला घासते. फ्लोअर जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच, म्हणजे मॉडेलमध्ये वीस मिलिमीटर. त्यातलं निम्मं विमानाच्या पोटाने खाल्लेलं. उरलेल्या दहा मिलिमीटरमध्ये ही सगळी कसरत.

यासाठी घरात साठलेल्या लग्नपत्रिका उपयोगी आल्या. जाड, गुळगुळीत पुठ्ठा. चौपट मापात विमानाची बाजू, रॅम्प आणि दांडा कापला आणि थर्माकोलवर टाचण्यांनी जोडला. रॅम्पच्या मागच्या कडेला पेन्सिलचं टोक अडकवलं, रॅम्प सरकवला की वाट कागदावर उमटायची. दांड्याची टाचणी हलवायची, पुन्हा वाट काढायची. अकरा वाटा काढल्या. अकराव्या वाटेत कड जमिनीपासून, खऱ्या मापात सांगायचं तर, पंधरा सेंटिमीटर वरून गेली आणि रॅम्प शेवटी पोटाला समांतर बसला. तो कागद मी मामांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी फक्त अंगठा पाठवला, पण दहा मिनिटांनी फोन आला: "मधे जरा जास्त झुकतोय. आमचा इतका झुकत नव्हता. पण तुझा लहान आहे, चालायचं." मी टाचणी आणखी एकदा हलवली. बारावी वाट.

मोटरचा प्रश्न तोवर आपोआप सुटला होता. या विमानाला पुढे एक चाकजोडी आणि मागे दोन. मॉडेलमध्ये मागचा भाग जड झाला की ते शेपटीवर बसतं, म्हणून नाकात वजन घालावंच लागतं. रॅम्प, दांडे, पितळ, सगळं शेपटीकडे गेलं होतं. मग मोटर नाकाकडे, कॉकपिटच्या मागच्या पडद्यामागे बसवली. तिथे जागाही होती आणि वजनही हवंच होतं. तिथून मागे गाडीपर्यंत ताकद न्यायला सायकलच्या चाकाची तार वापरली. सरळ, चिवट, दोन मिलिमीटरची. तारेच्या मागच्या टोकाला एम३ चा, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीचा, आटे असलेला गज, त्यावर गाडीला डाख दिलेला नट. मोटर आणि तार यांच्यामध्ये सलाईनच्या नळीचा तुकडा. दोन्ही तंतोतंत एका रेषेत नसल्या तरी तो सांभाळून घेतो आणि आवाजही मरतो.

एम३ च्या आट्यांत एका फेऱ्याला नट अर्धा मिलिमीटर सरकतो. ४५ मिलिमीटरला ९० फेरे. मोटर सहा व्होल्टला मिनिटाला ३०० फेरे घेणारी होती, पण मी तीन साध्या सेलवर, साडेचार व्होल्टला चालवली. रॅम्प पंचवीसेक सेकंदांत पूर्ण जातो. आटे असल्यामुळे मोटर बंद केली की तो जिथे असेल तिथेच थांबतो, मागे घसरत नाही. आणि आट्यांची चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी.

विजेचं काम लहान, पण त्यातली एक युक्ती मला मनापासून आवडते. रॅम्प दोन्ही टोकांना आपोआप थांबला पाहिजे, नाहीतर नट जाम होऊन मोटर जळेल. बंद पडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमधून दोन इवले स्विच काढले, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. गाडी टोकाला पोहोचली की स्विच दाबला जातो आणि वीज तुटते. पण मग उलट दिशेनेही वीज तुटलेलीच राहणार, गाडी परत कशी यायची? प्रत्येक स्विचला समांतर एक डायोड जोडायचा. पुढे जाणारी वीज डायोड अडवतो, उलट दिशेची सोडतो. गाडी जरा मागे आली की स्विच सुटतो आणि सगळं पूर्ववत. याचा खरा फायदा असा की सगळे जोड विमानाच्या आत राहतात आणि बाहेर दोनच तारा येतात. त्या दोन तारा, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधल्या इनॅमल लावलेल्या केसासारख्या, मी पुढच्या चाकाच्या पायाला चिकटवून खाली, मॉडेल ज्यावर बसवलंय त्या पाटात नेल्या. रंग दिल्यावर त्या चाकाच्या हायड्रॉलिक नळ्यांसारख्या दिसतात. दिशा बदलायचा दुहेरी स्विच पाटाच्या कडेला.

मे महिन्याच्या शेवटी यंत्रणा उघड्या सांगाड्यावर सुरळीत चालली. आणि जूनच्या पहिल्या रविवारी मी ती जवळजवळ गमावली.

झुलत्या दांड्यांची बेअरिंग मी इंजेक्शनच्या सुईची केली होती. अठरा गेजची सुई आतून ०.८४ मिलिमीटर असते, तिच्यात ०.८ ची पितळी तार सुरेख फिरते. सुया मेडिकलमधून नव्या आणल्या, टोकं घासून टाकली. डावीकडची सुई विमानाच्या अंगाला बसवली, मापात आली, चिकटवायला सायनोचा, म्हणजे झटपट धरणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावला. थेंब मोठा नव्हता. पण पातळ सायनो बारीक फटीत स्वतः ओढला जातो, जसं कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं. मी बघत असताना ती ओली चमक सुईच्या कडेवरून आत शिरली. मी तार फिरवायला घेतली, पाव फेरा फिरली आणि थांबली. चार सेकंदही झाले नसतील.

जोर लावला असता तर दांडा तुटला असता आणि विमानाचं अंगही, कारण तिथलं प्लास्टिक मीच घासून पातळ केलेलं. मी हात काढून घेतला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन सायनो सोडवतं, पण ते प्लास्टिकही विरघळवतं. शेवटी डाख द्यायची बंदूक घेतली आणि तिचं टोक तारेच्या बाहेर आलेल्या टोकाला टेकवलं, प्लास्टिकला नव्हे. पितळ उष्णता आत नेतं आणि तापला की सायनो हार मानतो. दोन सेकंद टेकवायचं, काढायचं, फुंकर घालायची. सहाव्या वेळेला तार चिमट्यात किंचित हलली. एक बारीक उग्र वास आला, डोळे चुरचुरले, आणि ती फिरली. सुईभोवतीचं प्लास्टिक जरासं वितळून लोंबलं होतं, ते नंतर पुटीने भरून घेतलं. उजवीकडची सुई बसवण्याआधी तारेला व्हॅसलीन चोळलं आणि सायनोऐवजी दोन नळ्यांतलं एपॉक्सी वापरलं. ते घट्ट असतं, लावलं तिथेच राहतं. हलणाऱ्या जोडाजवळ मी आता सायनोची बाटली उघडतसुद्धा नाही.

त्यानंतर बराच काळ नुसतं सजवण्याचं काम चाललं. ते मला आवडतं, पण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. आत दोन्ही भिंतींना घडीचे बाक, त्यांचं कापड चहाच्या जुन्या गाळणीच्या फडक्याचं. छताला सामान उचलायची धावती यारी. फ्लोअरवर माल बांधायच्या कड्या, प्रत्येक कडी तांब्याच्या तारेची. या विमानात ४२ छत्रीधारी सैनिक बसतात. बाकांवर तितक्या जागा मी मोजून केल्या. रॅम्प उघडला की आत टॉर्चने पाहिलं तर त्या मोजता येतात.

रंगाने मात्र एकदा अडवलं. प्रायमर, रंग आणि वार्निश मिळून प्रत्येक पृष्ठभागावर दशांश मिलिमीटरच्या आसपास थर चढतो. रॅम्प आणि चौकट यांच्यात मी ठेवलेली मोकळीक होती दोन्ही बाजूंना दोन दशांश. रॅम्पला थर, चौकटीलाही थर, मोकळीक संपली. बंद होताना शेवटच्या तीन मिलिमीटरला रॅम्प करकरायला लागला. कामावर मी रोज रंग लावण्याआधीची आणि नंतरची मापं वेगवेगळी लिहिते, इथे लिहायला हवी होती. कडांचा रंग पॉलिश पेपरने उतरवला आणि तिथे नुसतं शिसपेन्सिलीचं शिसं चोळलं. ते रंगासारखंच करडं दिसतं, आणि ओशटही असतं.

गाडीच्या रुळांना शिवणयंत्राचं तेल, टाचणीच्या टोकाने, एकेक थेंब. नटाला थोडं ग्रीस. आत्तापर्यंत तीनशेहून जास्त वेळा रॅम्प उघडझाप केला आहे. पाटाखाली मी कागद चिकटवलाय, त्यावर पाच-पाचच्या काड्या मारते. दोनशे दहाव्या वेळी मागचा स्विच सरकला होता, तो बसवला. पितळी नळ्यांत अजून ढिलेपणा वाढलेला नाही, दर महिन्याला डायल गेज लावून बघते.

या भाऊबीजेला मामा आले तेव्हा मी ओवाळणी होईपर्यंत थांबले. मग मॉडेल त्यांच्यापुढे ठेवलं आणि स्विच दाखवला. ते खुर्ची मागे सारून खाली जमिनीवर बसले, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली, आणि तिथून, माणसाच्या उंचीवरून विमान दिसावं तसं, बघत राहिले. हात वर करून त्यांनी स्विच ओढला. मोटरचा बारीक घूं असा आवाज, रॅम्पची मागची कड सुटली, खाली आली.

"थांबव. थांबव इथं."

मी सेलची तार ओढली. दांडे अगदी उभे होते, रॅम्प सर्वांत खाली. मामांनी बोट रॅम्पखाली नेलं, पण लावलं नाही. "इथं आम्ही डोकं आत घालायचो नाही. इथंच धोका असायचा. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी हे सांगायचं." बोट काढून घेतलं. "आता जाऊ दे."

मी तार लावली. रॅम्प वर आला, पुढे गेला, पोटाला समांतर बसला. टिक्. मामा बराच वेळ आत पाहत होते. मग आईला हाक मारली, "अगं ताई, इकडं ये, हे बघ." आई पदराला हात पुसत आली, वाकली, आणि तिनेही पाहिलं. मामांनी तिला कोणत्या बाजूला ते उभे असायचे ते दाखवलं. आईने एवढ्या वर्षांत ते कधी विचारलं नव्हतं, त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

"ट्रक कुठाय?" मामा अचानक माझ्याकडे वळून म्हणाले.

"कुठला ट्रक?"

"रॅम्प आत घेतलास, मग मागं ट्रक नको का? शक्तिमान. मागची फळी पाडलेली. फ्लोअर याच्या बरोबर आला पाहिजे." त्यांनी दोन तळवे एकमेकांना भिडवून दाखवले, एक इकडचा फ्लोअर, एक तिकडचा. "वर तांदळाची पोती. पोती नीट रच, आडवी-उभी. नायतर चालत्या ट्रकात घसरतात."

मी वर्निअर आणलं आणि विमानाच्या फ्लोअरची उंची पाटापासून पुन्हा मोजली. २०.४ मिलिमीटर. वहीत नवीन पानावर लिहिलं: शक्तिमान, हौद्याची उंची, २०.४.